कर्जाची आयत आणि आपली उधारीची वही

जनाज्याच्या नमाजीसाठी सफा लागल्या की मरहूमच्या घरातला कोणी तरी, बहुधा थोरला मुलगा किंवा भाऊ, पुढं येऊन दोन वाक्यं बोलतो. मरहूमकडून कोणाला तकलीफ झाली असेल तर माफ करा, आणि त्यांच्याकडं कोणाचे पैसे निघत असतील तर आम्हाला सांगा, आम्ही देऊ. पद्धत चांगली आहे. आपल्या वारसा कायद्यात आधी कफन-दफनाचा खर्च, मग मृताचं कर्ज, मग वसीयत आणि त्यानंतर जे उरेल त्याची वारसांत वाटणी, असा क्रम आहे. त्यासाठीच ही घोषणा.

पण मेलेल्या माणसाचेही कोणाकडं तरी पैसे निघत असतात. त्याची घोषणा कोणी करत नाही. 'मी त्यांचे चाळीस हजार देणं लागतो' असं सांगत आपणहून दारात आलेली माणसं मी पाहिली आहेत, अल्लाह त्यांना बरकत देवो. ती बोटांवर मोजण्याइतकी होती. शिवाय ज्या बाईला याचा सगळ्यात जास्त फटका बसतो ती त्या वेळी सफेत नसते, घरात असते.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत आमच्या भागातून मला असे बरेच निरोप आले. इद्दतमध्ये बसलेली बाई मुलाला पाठवायची, 'टीचरला म्हणावं जरा येऊन जा, कागद बघायचे आहेत.' मी जायची. कागद म्हणजे काय, तर रेशनकार्ड, आधारकार्ड, गॅसचं पुस्तक आणि विम्याच्या हप्त्याची एखादी पावती. नवऱ्यानं पंधरा-पंधरा वर्षं फर्निचरचा, भंगाराचा, बांगड्यांचा धंदा केलेला. माल कोणाला दिला, किती आले, किती राहिले, हे सगळं त्याच्या डोक्यात आणि मोबाईलमध्ये. मोबाईलला लॉक. पैसे मागायला मात्र लोक आले होते. त्यांच्याकडंही कागद नव्हता. तिनं काय करायचं? नाही म्हणावं तर नवरा कबरीत कर्जदार राहील ही भीती, हो म्हणावं तर घरात मुलांच्या फीला पैसे नाहीत. अशा एका बाईनं एकाच माणसाला दोनदा पैसे दिले, कारण पहिल्यांदा दिलेत याचाही कागद नव्हता.

कुरआनातली सगळ्यात मोठी आयत कोणती, असं मी कधी कधी मुलींना विचारते. आयतुल कुर्सी, असं उत्तर बहुतेक जणी देतात. ती नव्हे. सूरह बकराची २८२वी आयत सगळ्यात मोठी आहे, आणि तिचा विषय नमाज, रोजा किंवा हज नाही. उधारीचा व्यवहार कसा लिहून ठेवायचा, हा आहे. मुदतीची उधारी असेल तर लिहा. लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, आणि ज्याला लिहिता येतं त्यानं नकार देऊ नये. साक्षीदार ठेवा. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. हातोहात रोखीचा सौदा असेल तर न लिहिण्यात दोष नाही, पण साक्षीदार तिथंही ठेवा. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास देऊ नका. एखाद्या जुन्या मुनीमानं नव्या पोराला शिकवावं इतक्या बारकाईनं हे सगळं आलं आहे.

या आयतीवर आपल्याकडं चर्चा होते ती एकाच मुद्द्यावर, एका पुरुषाऐवजी दोन स्त्रियांची साक्ष का. बाजूनं बोलणारे त्यावरच बोलतात, विरोधात बोलणारेही त्यावरच. 'लिहा' हा पहिला हुकूम मात्र वादात नाही आणि आचरणातही नाही.

का नाही, याची कारणं मला घरोघर ऐकू येतात. 'आपसांत कागद कशाला?' 'भाऊ आहे तो माझा, त्याच्याकडून सही घेऊ?' 'आमची जबान हाच कागद.' लिहायला सांगणं म्हणजे समोरच्यावर शंका घेणं, असं आपण धरून चाललो आहोत. मला ते पटत नाही. शंका आली की माणूस पैसेच देत नाही. ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्याशीच उधारीचा व्यवहार होतो, म्हणजे लिहायचं तेही त्याच्याशीच. आणि आजचा भरवसा दोन माणसांतला असतो. त्यातला एक गेला की व्यवहार त्याच्या बायकोवर आणि मुलांवर येतो. त्या दोघांत कधी काय बोलणं झालं, ते त्यांना ठाऊक नसतं.

तोंडी करार कायद्यानं रद्दबातल आहे, असा एक समज आहे. तसं नाही. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी करारही सहसा करारच असतो. अडतं ते पुराव्यापाशी. दुसरा समज याच्या उलट, की स्टँप पेपरवर नसेल तर लिहिण्यात अर्थ नाही. तोही खरा नाही. तारीख, दोघांची नावं, रक्कम अंकी आणि अक्षरी, कशासाठी दिली, कधी परत करायची आणि घेणाऱ्याची सही, एवढं साध्या कागदावर असलं तरी काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी पटींनी बरं. पैसे मिळाल्याची पावती पाच हजारांच्या वरची असेल तर तिच्यावर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावायचं. रक्कम मोठी असेल तेव्हा वकिलाला विचारून योग्य किमतीच्या स्टँपवर करा. हजाराच्या उधारीला वकील लागत नाही, पेन लागतं.

आणि मुदत. उसने दिलेले पैसे किंवा उधार दिलेल्या मालाची किंमत वसूल करायचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. नातं बिघडायला नको म्हणून आपण चार वर्षं गप्प बसतो आणि मग कोर्टाचं नाव काढतो, तोवर दार बंद झालेलं असतं. मात्र तीन वर्षं संपायच्या आत समोरच्यानं 'एवढे पैसे मी देणं लागतो' असं लिहून सही दिली, तर त्या तारखेपासून मुदत नव्यानं मोजली जाते. दर ईदला वहीत बाकी काढून एकमेकांची सही घेतली तर भांडणही नाही आणि मुदतीची चिंताही नाही.

रोख देण्याची सवयही सोडायला हवी. आयकर कायद्याप्रमाणे वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीनं घेता येत नाही, आणि घेतलं तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. कर्ज-ए-हसनालाही हे लागू आहे. व्याज नाही म्हणून नियम नाही, असं होत नाही. बँकेतून किंवा यूपीआयनं पाठवले तर नोंद आपोआप राहते. पाठवताना शेऱ्याच्या जागी 'उसने' असा एक शब्द लिहिला, की ती भेट होती की कर्ज हा वादही उरत नाही. पण शेऱ्याची ती जागा आपण सगळे रिकामीच सोडतो.

आमच्या वस्तीत एक टेलरचाचा आहेत. दोन कारागीर, तीन मशिनी. एका शिक्षणसंस्थेनं त्यांना गणवेशाचं काम दिलं, फोनवर. त्यांनी रात्र-रात्र जागून कपडे शिवले, टेम्पोत भरून पोचवले. पुढं तिथली कारभारी माणसं बदलली आणि नवे लोक म्हणाले, आमच्याकडं अशी काही नोंदच नाही. चाचा माझ्याकडं अर्ज लिहून घ्यायला आले. मी विचारलं, ऑर्डरचा कागद? नाही. माल मिळाल्याची सही? नाही. बिल? 'बिल तर मी देतच नाही टीचर, गिऱ्हाईक पैसे देतं आणि कपडे नेतं.' शेवटी त्यांच्याच मोबाईलमध्ये आधार सापडला. तिथल्या लिपिकानं वर्गवार मापांची यादी व्हॉट्सअॅपवर पाठवली होती, आणि माल पोचल्यावर 'तीन शर्ट कमी आहेत' असा निरोपही त्याचाच होता. कमी आहेत म्हणजे बाकीचे मिळाले! आता भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार असे इलेक्ट्रॉनिक निरोप, ठरलेल्या प्रमाणपत्रासह, पुरावा म्हणून मांडता येतात. अर्जाला त्यांच्या छापील प्रती जोडून स्पीड पोस्टनं पाठवलं. अर्धे पैसे आले. उरलेल्यांसाठी पाठपुरावा अजून चालू आहे.

चाचांनी तेव्हा उद्यम नोंदणी केलेली नव्हती. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. बाहेर कोणी त्याचे हजार-पंधराशे घेत असेल तर तो त्याची मजुरी घेतोय, सरकारी फी नव्हे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६चा जो कायदा आहे त्यात थकलेल्या बिलाची सोय आहे. लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण कसंही करून पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यायचे. लेखी काही ठरलं नसेल तर माल स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. तक्रार सुविधा परिषदेकडं करायची, ती ऑनलाइन करता येते. माल बनवणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला याचा उपयोग आहे. नुसता आणून विकणाऱ्या दुकानदाराला नाही. नोंदणी पुरवठ्याच्या आधी केलेली असावी, पैसे थकल्यावर करून मग परिषदेकडं धावण्यात अडचणी येतात.

इथं एक प्रश्न आपल्यातले लोक हमखास विचारतात. चक्रवाढ व्याज म्हणजे सूदच की, मग तक्रार कशी करायची? मी फतवा देणारी कोणी नाही. पण शिवणकामाची मजुरी हा हक्क आहे, तिच्यात सूद नाही. ज्याला व्याज नको त्यानं अर्जात फक्त मूळ रक्कम मागावी, कायदा जबरदस्ती करत नाही. सूद नको म्हणून मूळ रक्कमही सोडून द्यायची आणि घरी येऊन कारागिरांची मजुरी अडवायची, यात कुठली परहेजगारी आहे ते मला कळलेलं नाही.

आता या आयतीतलं माझ्या सगळ्यात आवडीचं वाक्य. मजकूर कोणी सांगायचा? कर्ज देणाऱ्यानं नाही. ज्याच्यावर देणं आहे त्यानं सांगायचा आणि लिहिणाऱ्यानं लिहायचा. त्याला सांगता येत नसेल तर त्याच्या वतीनं त्याच्या वलीनं न्यायानं सांगायचा. म्हणजे कमजोर बाजूच्या तोंडून कागद तयार व्हायचा. आज काय होतं? बचतगटाच्या नावानं येणारा, मोबाईल हप्त्यावर देणारा, गाडीला कर्ज देणारा, सगळे आधीच छापलेला कागद आणतात, इंग्रजीत, बारीक टायपात, आणि पेन्सिलीनं फुल्या मारलेल्या जागी सह्या घेतात. सोबत दोन-तीन कोरे चेक. आमच्या बायका सह्या करतात, कारण मागं रांग असते आणि तो मुलगा 'ताई, लवकर' म्हणत असतो.

कोरा चेक सही करून देणं म्हणजे रक्कम आणि तारीख लिहायचं काम दुसऱ्याला देणं. असा चेक स्वखुशीनं दिला असेल तर तो देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा गृहीत धरतो, आणि तसं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं सही करणाऱ्यावर येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१९मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. चेक वटला नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात बँकेकडून कळल्यावर तीस दिवसांत नोटीस येते आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस पैसे भरायला असतात. हे पंधरा दिवस आपले लोक नोटीस घ्यायची नाही म्हणून पोस्टमनला परत पाठवण्यात घालवतात.

भाषेची शिक्षिका म्हणून मला एक नियम फार महत्त्वाचा वाटतो. किरकोळ कर्ज आणि छोट्या उद्योगांची मुदत कर्जं यांसाठी बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी कर्जदाराला मुख्य माहितीपत्रक द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ ऑक्टोबर २०२४पासूनच्या नव्या कर्जांना लागू आहे. त्यात एकूण खर्चासह वर्षाचा व्याजदर, सगळे आकार आणि हप्त्यांचं वेळापत्रक असतं. आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे. मराठीत मागा. उर्दू वाचता येत असेल तर उर्दूत मागा. 'आमच्याकडं इंग्रजीतच येतं' हे उत्तर चालत नाही. मागितलंच नाही तर मात्र कोणी आणून देणार नाही. खरं तर आपल्या दोन्ही भाषांना या कागदांची सवय जुनीच आहे. दस्तऐवज, तक्रार, दावा, हरकत, मुदत, वकील, जामीन, करारनामा, कबुली. हे शब्द मी पहिल्या तासाला उर्दूत शिकवते आणि तिसऱ्या तासाला मराठीत, फळा पुसायची गरज नाही, लिपी तेवढी बदलायची. इतके शब्द ज्यांच्या तोंडात आहेत त्यांनी कागदाला घाबरावं, याचं मला नवल वाटतं.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण आपण नेहमी फसवले जाणारेच नसतो. आपलीही दुकानं आहेत. त्यातल्या कितीतरी दुकानांत 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी असते आणि तिच्या वरच बिस्मिल्लाहची फ्रेम. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतला माल ओला लागला, तेव्हा हुजूरांनी त्या विक्रेत्याला काय सुनावलं, ती हदीस त्याच दुकानदाराला पाठ असते. फिकहमध्ये ऐब निघालेला माल परत करण्याचा हक्क आहे, त्यावर सविस्तर प्रकरणं आहेत. आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत घ्यायचा. रंग आवडला नाही म्हणून परत, असा हा हक्क नाही. दोष असला पाहिजे. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीतली गोष्ट आहे. जीएसटी नंबर नाही म्हणून बिल देता येत नाही, हे कारण खोटं आहे. नंबर नसलेल्या छोट्या दुकानदारानंही साधं बिल देता येतं, त्यात जीएसटी आकारायचा नाही इतकंच. पुस्तक छापून घ्यायला काही फार खर्च येत नाही.

गिऱ्हाईक म्हणून तक्रार करायची असेल तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनी दिल्लीची असली तरी. दोन वर्षांच्या आत करायची. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, काही वेळा तिथंच मिटतं. आणि धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार चालत नाही असं सांगून कोणी परत पाठवलं, तर परत येऊ नका. स्वतः चालवायला घेतलेली रिक्षा, स्वतः शिवायला घेतलेली मशीन, पोट भरण्यासाठी स्वतःच्या रोजगारापुरती घेतलेली वस्तू असेल तर घेणारा ग्राहकच असतो, हे कायद्यातच लिहिलं आहे. आमच्याकडं घराघरांत पिको-फॉलच्या मशिनी आहेत. त्यातली बिघडलेली मशीन बदलून मिळावी म्हणून आयोगात गेलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. बिल असलेल्याच थोड्या.

मशिदीत जुम्याच्या बयानात हा विषय वर्षातून दोन-चारदा यावा, असं मला वाटतं. निकाहनामा आपण नीट भरतो, साक्षीदार, मेहर, सही, सगळं जागच्या जागी. म्हणजे लिहायची रीत आपल्याला येते. जमातींनी निकाहनाम्यासारखाच उधारीचा एक छापील नमुना उर्दू-मराठीत करून मशिदीत ठेवला, तर 'तू माझ्यावर शंका घेतोस का' हा प्रश्नच उरणार नाही. सगळेच भरतात, म्हणून आपणही भरतो, असं होईल.

माझ्या हातात वर्ग आहे, तेवढं मी करते. नववी-दहावीच्या मराठीत मागणीपत्र, विनंतीपत्र असतं. मुली क्रीडासाहित्याच्या काल्पनिक दुकानाला छान पत्रं लिहितात आणि पूर्ण गुण मिळवतात. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी वेगळं काम दिलं. अब्बांच्या शेजारी बसा आणि घराचं देणं आणि येणं त्यांच्या तोंडून वहीत उतरवा, तारखेसह. वही शाळेत आणायची नाही, मला आकडे नकोत, अम्मीला जागा माहीत असेल अशा ठिकाणी ठेवायची आणि लिहिली की नाही एवढंच सांगायचं. अडतीसपैकी एकवीस जणींनी लिहिली. एकीनं सांगितलं, अब्बांना स्वतःलाच दोन येणी आठवत नव्हती, अम्मीनं आठवण करून दिली. उरलेल्या बहुतेकींच्या घरी एकच उत्तर मिळालं, 'तुझ्या टीचरला काय करायचंय?'